हर्क्युलसला इंजिन

कला शाखेच्या द्वितीय वर्षातील विद्यार्थ्याने वार्षिकांकात काय लिहावे याचे काही अलिखित संकेत आहेत. पहिला पाऊस, आई, वेरूळची सहल, फार तर गावची जत्रा. संपादक मंडळातल्या मित्राला मी माझा विषय सांगितला तेव्हा तो म्हणाला, "अरे, हे विज्ञान शाखेकडे दे." विज्ञान शाखेतला मित्र म्हणाला, "हे तर गॅरेजातलं काम. यात विज्ञान कसलं?" दोन्ही दारे अशी लागल्यावर मी लेख पुन्हा पहिल्याच दारातून आत ढकलला आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मी सायकलवाल्याचा मुलगा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच. वडिलांचे, म्हणजे आण्णांचे दुकान तालुक्याच्या एस. टी. स्टँडसमोर लिंबाच्या झाडाखाली आहे. दुकान म्हणजे एक लाकडी खोके, एक पायपंप, पंक्चर पाहायचे पाण्याचे घमेले आणि फांदीला टांगलेली जुनी टायरे. एके काळी तिथे भाड्याच्या अकरा सायकली होत्या. आता भाड्याने सायकल कोणी नेत नाही. शाळेची पोरे, दूधवाले आणि पेपरवाला पोऱ्या, एवढ्यांवर दुकान चालते. माझी फी याच घमेल्यातून निघते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आण्णांची स्वतःची सायकल हर्क्युलस. आजोबांनी ती १९६४ साली घेतली. मद्रासला १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्सने त्या काळी या सायकलींनी देशभरचे रस्ते भरून टाकले होते. काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची, सळ्यांच्या ब्रेकची. पुढच्या चाकाला ३२ आरे, मागच्याला ४०. मागच्या चाकावर बसणाऱ्याचे आणि सामानाचे ओझे जास्त पडते, म्हणून हा आठ आऱ्यांचा फरक. आजोबांनी तिच्यावर दूध वाहिले, आण्णांनी तिच्यावर अवजारे वाहिली, आणि पहिलीत नाव घालायला मी तिच्याच नळीवर बसून गेलो.

आमच्या वस्तीपासून दुकान साडेसहा किलोमीटर. वाटेत कालव्याच्या पुलाचा चढ लागतो. दोन वर्षांपूर्वी आण्णांचा उजवा गुडघा धरला. डॉक्टरांनी सांगितले, सपाटीला सायकल चालवा, चढाला नको. आण्णा पुलापाशी उतरून सायकल ढकलू लागले. मग ढकलणेही जड जाऊ लागले आणि आठवड्यातून एखादा दिवस दुकान बंद राहू लागले. चुलत भाऊ मोटारसायकलवरून सोडायला तयार होता. आण्णा म्हणाले, "सायकलवाला रोज फटफटीवर आला तर गिऱ्हाईक काय समजंल? हलवायानं दुसऱ्याच्या दुकानातली जिलेबी खाल्ल्यागत दिसंल ते."

हा हट्ट आहे असे आईचे मत. मला मात्र त्यात तथ्य दिसले. मग एका रात्री मी म्हणालो, "आण्णा, आपल्याच सायकलला इंजिन बसवू."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी घमेल्यात ट्यूब दाबता दाबता त्यांनी तीन अटी घातल्या. "दांडीला वेल्डिंगची काडी लागता कामा नये. पायडल जागेवर राहिलं पायजे. आन् सायकल आदी थांबली पायजे, मग पळू दे."

सायकलला इंजिन ही कल्पना माझी नव्हे. महायुद्ध संपल्यावर युरोपात पेट्रोल कमी, पैसा त्याहून कमी आणि सायकली मुबलक, अशी स्थिती होती. फ्रान्समध्ये १९४६ मध्ये वेलोसोलेक्स विक्रीस आली. तिचे छोटे इंजिन पुढच्या चाकावर बसलेले असे आणि एक रूळ टायरवर घासून चाक फिरवी. इटलीत त्याच सुमारास दुकातीने ४८ सीसीचे कुच्चोलो इंजिन बनवायला घेतले. ते साध्या सायकलला लावता येई. कुच्चोलो म्हणजे कुत्र्याचे पिल्लू. त्याच्या धुराड्याचा आवाजच तसा होता म्हणे! आणि आमच्या जिल्ह्यातल्या माणसाने हे सांगताना लूना विसरून कसे चालेल? ती १९७२ मध्ये अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने काढली, पियाज्योच्या 'चाओ' मोपेडच्या धर्तीवर. तिला पॅडल होते. पेट्रोल संपले की लूना मुकाट्याने सायकल होई. २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आणि त्याच वर्षी लूनाही विजेवर चालणारी होऊन परत आली.

विजेचेच का नाही, असे वर्गमित्रांनी विचारले. विचारणे रास्त आहे. चाकात मोटर असलेले तयार संच मिळतात. पण नव्या संचाची आणि बॅटरीची किंमत आमच्या दुकानाच्या दोन महिन्यांच्या मिळकतीपेक्षा जास्त होती. भंगारातले इंजिन किलोवर मिळते.

पहिले इंजिन पाहिले ते फवारणी पंपाचे. चुलत्याच्या गोठ्यात पडून होते. चालू स्थितीत, फुकट. परंतु आण्णांकडे वाहन चालवण्याचा परवाना नाही, आयुष्यात कधी लागला नाही. म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयात मोटार वाहन कायदा, १९८८ मागितला. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिले. बहुधा कला शाखेतून अशी मागणी यायची ती पहिलीच वेळ असावी. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात 'मोटार वाहन' शब्दाची व्याख्या आहे. चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ घन सेंटिमीटरपेक्षा जास्त क्षमता नसलेल्या इंजिनाचे वाहन तिने बाहेर ठेवले आहे.

घरी येऊन मी पंपाच्या इंजिनाचे डोके उतरवून माप घेतले. नळकांड्याचा व्यास ३४ मिलिमीटर, दट्ट्याची धाव २८ मिलिमीटर. अर्थशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर गुणाकार केला: २५.४. चार दशांश! चहाचा चमचाही भरणार नाही इतके थोडे, पण तेवढ्याने आण्णा परवान्याविना मोटार चालवणारे ठरले असते. चुलते म्हणाले, "कोण मोजायला बसलंय?" आण्णा म्हणाले, "आपुन मोजलंय न्हवं?" इंजिन गोठ्यात परत गेले.

पुढे दीड महिना मी भंगारवाल्यांकडे खेटे घातले. शेवटी एकाकडे बागेचे कुंपण कापायच्या यंत्राचे इंजिन मिळाले. पाती मोडलेली, इंजिन शाबूत. व्यास ३२, धाव तीच २८. गुणाकार २२.५. अकराशे रुपयांना सौदा झाला.

या ठिकाणी वाचकांना थोडे गणित सोसावे लागेल. धडधाकट माणूस बराच वेळ पॅडल मारत राहिला तर साधारण ७५ ते १०० वॅट शक्ती देतो. हे बचकेएवढे इंजिन पुरते पिळले तर सहाशेच्या पुढे जाते. म्हणजे एका सायकलवर सहा माणसे बसून एकाच वेळी पॅडल मारताहेत असे समजा. मागील चाकाचे आरे, हब, छर्रे, चिमटा, ब्रेक, हे सारे मात्र एका माणसाच्या हिशेबाने घडवलेले. त्या दिवसापासून मला ती सायकल निराळी दिसू लागली. तिचा प्रत्येक भाग मनुष्याच्या ताकदीचे माप घेऊन बसला आहे. चौकटीच्या नळ्या पातळ आहेत आणि सांध्यांवर पितळ ओतून जोडलेल्या आहेत. तिथे विजेच्या वेल्डिंगची आच लागली तर नळी शेजारीच कच्ची पडते. आण्णांची पहिली अट ही माया नव्हती, धातूचे ज्ञान होते. ते ज्ञान त्यांना कोणी फळ्यावर शिकवले नाही; मोडून आलेल्या चौकटींनी शिकवले.

तेव्हा इंजिनाला हात लावण्याआधी तीन आठवडे आम्ही ब्रेकच करत होतो. सळ्यांचा ब्रेक हा प्रकार नव्या पिढीला ठाऊक नसेल. मूठ दाबली की सळी वर ओढली जाते आणि रबरी गुटके रिमच्या आतल्या अंगाला टेकतात. एकेका सांध्यात केसभर ढिलाई असली तरी शेवटी मुठीत बोटभर साचते. आण्णांनी प्रत्येक सांधा उघडला, नवे वायसर घातले, वाकलेली सळी सरळ केली. मग दोन्ही चाकांचा आऊट काढला. ते चाक फिरवून आऱ्यांवर नखाने टिचकी मारत जातात आणि ज्याचा आवाज बद्द येईल तो पाव आटा आवळतात. मागच्या चाकाचे सात आरे बदलले. मग रस्त्यावर खडूची रेघ मारून मी उतारावरून आलो आणि रेघेवर ब्रेक दाबला. कोरड्या रिमवर सायकल सात पावलांत थांबली. रिम ओली करून तेच केले तेव्हा सतरा पावले लागली. आण्णांनी तिथेच ठरवले: पावसात इंजिन नाही.

ओढ कशी द्यायची हा पुढचा प्रश्न. सोलेक्ससारखा रूळ टायरवर टेकवायचा, हे ठरले, कारण त्यात हबला आणि आऱ्यांना काही जोडावे लागत नाही. पण या इंजिनाचा जीव सात हजार फेऱ्यांवर आहे. थेट रूळ लावला तर सायकल एक तर हलणार नाही, नाही तर बेफाम सुटेल. मध्ये पट्टा आला: इंजिनाकडे दोन इंची पुली, रुळाच्या दांड्यावर सहा इंची. एकास तीन. त्यापुढे रूळ आणि चाक यांचे प्रमाण. लेथवाल्याने विचारले, रूळ केवढा? आण्णा म्हणाले, "साठ मिलिमीटरचा काढ. मोठा असला तर पुन्हा तासता येईल. बारका निघाला तर त्याला कुठनं वाढवायचं?"

इंजिन, पट्टा, रूळ हे सगळे कोनाच्या लोखंडी चौकटीवर बसवले. ती चौकट कॅरियरपाशी एका दाराच्या बिजागरीवर टेकते, आणि जुन्या खोगिराची एक स्प्रिंग तिला टायरवर दाबून धरते. बसणाऱ्याच्या उजव्या हाताला एक दांडा आहे; तो ओढला की रूळ टायरवरून उचलला जातो आणि सायकल पुन्हा नुसती सायकल. जिथे जिथे लोखंड सायकलला भिडते तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे. चार बोल्ट काढले की सारा संसार खाली उतरतो. मूळचे मागचे मडगार्ड कापावे लागले असते, म्हणून ते काढून घरात खुंटीला टांगले आणि दुकानातले एक गंजके मडगार्ड कापून लावले.

आता मुख्य काम: इंजिनाचा सूर लावणे. तेल आणि पेट्रोल एकत्र जाळणारे हे यंत्र. लिटरला चाळीस मिलिलिटर तेल. ते माप आईने आपल्याकडे घेतले, खोकल्याच्या औषधाचे झाकण दहाचे, चार झाकणे. ठिणगी क्षीण पडत होती, तेव्हा चक्र आणि कॉइल यांच्यात पोस्टकार्ड सरकवून तेवढीच फट ठेवली. प्लग साफ केला. सातव्या दोरीला इंजिन सुरू झाले आणि लिंबावरचे सगळे कावळे उडाले.

कार्बुरेटरवर मिश्रणाचा एकच स्क्रू आहे. डिसमिसने तो पाव फेरी इकडे की तिकडे, एवढाच सगळा खेळ. पेट्रोल जास्त झाले की इंजिन अडखळत बोलते, एक ठोका टाकून एक घेते, धूर काढते आणि प्लग काळा ओला होतो. पेट्रोल कमी झाले की ते कर्कश किंचाळते, तेजीत आल्यासारखे वाटते, पण आतून भाजत असते, कारण पेट्रोलबरोबर तेलही कमी पडते. प्लग पांढुरका दिसू लागला की समजावे, दट्टा अडकायला आला. यांच्या मधोमध एक जागा आहे. तिथे प्लगचा रंग कॉफीसारखा राहतो. ती जागा मोकळ्या इंजिनावर सापडत नाही. ओझे पडल्यावरच सापडते. म्हणून एक फेरी मारायची, चढावरच इंजिन बंद करायचे, प्लग काढून बघायचा, पुन्हा पाव फेरी.

आण्णांनी उभ्या आयुष्यात इंजिन दुरुस्त केलेले नाही. परंतु ज्या कानाने ते ढिला आरा ओळखतात त्याच कानाने त्यांनी हेही ऐकले. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मोकळं असताना जरा अडखळू दे त्याला. चढाला लागलं की आपसूक साफ बोलंल." नेमके तेच बरोबर होते. पुढे मी वाचले तेव्हा कळले की जाणकारही असाच सूर लावतात. मोकळे इंजिन जरासे ओले बोलावे आणि ओझ्याखाली सुटावे.

चढाचा प्रश्न मात्र कार्बुरेटरने सुटला नाही. या इंजिनाचा क्लच फेऱ्या वाढल्या की आपोआप धरतो. सुमारे चार हजार फेऱ्यांना. साठाच्या रुळावर त्याचा अर्थ ताशी पंधरा किलोमीटर. वेग त्याखाली आला की क्लच घसरतो, तापतो, वास येतो. पुलाच्या चढावर वेग नेमका बारा-तेरावर येई. म्हणजे जिथे गुडघ्याला मदत हवी तिथेच इंजिन हात वर करी! रूळ पुन्हा लेथवर गेला आणि ४८ मिलिमीटरचा होऊन, नव्याने खवले पाडून आला. आता क्लच बारावर धरू लागला. सर्वाधिक वेग सव्वीसवरून एकवीसवर उतरला. मैलाच्या दगडांवर घड्याळ लावून पाहिले, एका किलोमीटरला दोन मिनिटे पन्नास सेकंद. माझ्या वयाच्या कोणालाही हा सौदा तोट्याचा वाटेल. आण्णांना तो ब्रेकच्या मापाचा वाटला.

सपाटीवर सायकल पायांनी बारापर्यंत न्यायची, मग रूळ खाली सोडायचा. पुलाआधी शंभर पावले वेग धरून ठेवायचा. चढाच्या शेवटच्या टप्प्यात पॅडल नुसते फिरवत राहायचे, जोर द्यायचा नाही. हे सगळे ते आठवड्यात शिकले. ज्या दिवशी ते पहिल्यांदा न उतरता पूल चढले त्या दिवशी मी मागून दुसऱ्या सायकलवर होतो आणि मलाच धाप लागली होती. त्यांनी वळून पाहिले नाही. पुलाच्या माथ्यावर दांडा ओढून त्यांनी रूळ उचलला, इंजिन बंद केले आणि पलीकडचा उतार साध्या सायकलीसारखे गेले. मला वाटते ते काही तरी गुणगुणत होते. वाऱ्यामुळे ऐकू आले नाही.

स्टँडच्या अलीकडे शे-दीडशे पावलांवर ते अजूनही इंजिन बंद करतात आणि पॅडल मारत दुकानी येतात. तरी इंजिन गिऱ्हाइकांच्या नजरेतून थोडेच सुटते? दोन दूधवाल्यांनी तसेच बसवून मागितले. आण्णांनी आधी त्यांच्या सायकलींचे ब्रेक दाबून पाहिले आणि एकाला सरळ नाही म्हणाले. दुसऱ्याची सायकल सध्या लिंबाला उलटी टांगलेली आहे, सळ्या खोलून. गेल्या चार महिन्यांत दुकान गुडघ्यापायी एकदाही बंद राहिले नाही. पावसाचे अकरा दिवस मात्र चुलत भावाच्या मोटारसायकलवर गेले. आण्णा मागे तोंड फिरवून बसत.

एक गोष्ट राहिली आहे. रुळाच्या खवल्यांनी मागचे टायर अडीच महिन्यांतच मधोमध सपाट झाले. मडगार्डाच्या आत काळ्या भुकटीचा थर साचतो. स्प्रिंगचा दाब कमी केला तर रूळ घसरतो, वाढवला तर टायर तापते. हवा जरा कडक ठेवली की झीज कमी होते, एवढे दिसले आहे. लेथवाला म्हणतो, खवले थोडे बोथट करू. आण्णा म्हणतात, खवल्याला हात लावू नको, आधी पुढचे टायर मागे घालून बघू, त्याचा रबर निराळ्या जातीचा आहे. परीक्षा संपली की ते काम हाती घ्यायचे आहे. झिजलेल्या टायरचा वीतभर तुकडा त्यांनी कापून खोक्यात तारीख घालून ठेवला आहे, पुढच्याशी ताडून पाहायला.